सायनसच्या जुनाट आजारात गेलेला वास: आपले अनुभव लिहावेत

नाकातील आणि सायनसमधील सूज 12 आठवड्यांहून अधिक काळ टिकली की तो आजार जुनाट मानला जातो. नाक चोंदणे, डोके जड होणे याविषयी आपण डॉक्टरांशी सविस्तर बोलतो. वास येत नाही, हे मात्र बहुधा सांगायचेच राहून जाते. ही तक्रार आधी मांडावी, असे मला मनापासून वाटते. ज्यांनी हे सोसले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

गृहिणी, चिपळूण

खारट, आंबट, तिखट जिभेला कळते. परंतु सोलकढी आणि ताक यांतला फरक डोळे मिटून सांगता येत नाही, कारण पदार्थाचा स्वाद घशामागून नाकात चढणाऱ्या वासावरच उभा असतो. फोडणी करपू लागली की आता धूर दिसल्यावरच समजते, आणि वरण आंबले आहे का, हे मुलीला विचारावे लागते. खरी धास्ती गॅसची आहे. सिलिंडरमधल्या गॅसला उग्र वास यावा म्हणून त्यात मर्काप्टन मिसळतात, पण माझ्यासाठी तो असून नसल्यासारखाच. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळतीची सूचना देणारे यंत्र आम्ही ओट्याखाली, जमिनीलगत बसवले असून रात्री रेग्युलेटर न चुकता बंद करतो.

निवृत्त शिक्षक, नाशिक

माझ्या नाकात पॉलिप, म्हणजे सुजेमुळे वाढलेले मऊ कोंब होते. वासाचे मज्जातंतू नाकाच्या अगदी छताशी असतात. तिथवर हवा पोहोचत नाही आणि सुजेने त्या पेशीही मंदावतात, असे डॉक्टरांनी चित्र काढून समजावले. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्यावर एके सकाळी चहातल्या आल्याचा वास आला आणि मला भरून आले. गोळ्या संपल्या, तसा तो पुन्हा गेला. साखर, रक्तदाब आणि हाडे यांवर परिणाम होतो म्हणून त्या वारंवार देता येत नाहीत. पुढे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. आता रोज मिठाच्या पाण्याने नाक धुतो, त्यानंतर स्टेरॉइडचा फवारा मारतो. वास बराचसा परतला आहे, सर्दी झाली की मात्र काही दिवस नाहीसा होतो.

नोकरदार, पुणे

दमा, पॉलिप आणि ॲस्पिरिन न सोसणे, हे तिन्ही मला एकत्र आहे. अशा रुग्णांत शस्त्रक्रियेनंतरही पॉलिप पुन्हा वाढण्याची शक्यता अधिक असते, आणि माझे तसेच झाले. डुपिलुमॅब या इंजेक्शनाचा पर्याय डॉक्टरांनी सांगितला आहे. खर्च मोठा असल्यामुळे निर्णय झालेला नाही. ज्यांनी ते घेतले असेल, त्यांनी वासात काय फरक पडला ते अवश्य लिहावे.

धागाकर्ता

नाक धुण्याविषयी एक विनंती: पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे. नळाच्या पाण्यातून मेंदूला घातक अमिबा नाकावाटे शिरल्याच्या घटना, विरळ असल्या तरी, घडलेल्या आहेत.