गाडं अडतं ते स्लॉटपाशी

जुन्या पीसीत दोन गिगाबिट नेटवर्क कार्डं टाकून त्याचा फायरवॉल (इंटरनेट आणि घरच्या नेटवर्कमधला पहारेकरी) करा, असा सल्ला दिला जातो. त्या मशीनचा प्रोसेसर या कामाला सहज पुरतो, हे पटलं. व्हीपीएन (इंटरनेटवरून सांकेतिक, सुरक्षित जोडणी) नसेल तर तो बहुतेक वेळ झोपाच काढतो. पण 'दोन गिगाबिट कार्डं टाकली की झालं' हे तितकंसं खरं नाही. कार्ड मदरबोर्डवरच्या कुठल्या स्लॉटमध्ये (खाचेत) बसतंय ते बघा. जुना, लांब पीसीआय स्लॉट ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्‌झचा. त्याची कागदावरची मर्यादा सेकंदाला १३३ मेगाबाइट (म्हणजे साधारण एक गिगाबिट), तीही सहसा सगळ्या स्लॉटांत मिळून. त्यात फायरवॉलमधलं डेटाचं प्रत्येक पॅकेट त्या बसवरून (स्लॉटांच्या सामायिक डेटामार्गावरून) दोनदा जातं: एका कार्डातून आत, दुसऱ्यातून बाहेर. म्हणजे निम्मा वेग तिथेच गेला, प्रत्यक्षात उरतो तो त्याहून कमी. १०० एमबीपीएसच्या कनेक्शनला काही फरक पडत नाही, पण बरंच वेगवान कनेक्शन असेल तर पीसीआय एक्स्प्रेसवालाच (नव्या, वेगवान स्लॉटचा) बोर्ड शोधा. कार्ड शक्यतो इंटेलचं. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर रिअलटेकचं कार्ड अधूनमधून रुसतं.

आणि पीएफसेन्स (फ्रीबीएसडीवरच चालणारं फायरवॉल सॉफ्टवेअर) टाकणार असाल तर प्रोसेसर ६४ बिट आहे ना ते आधी तपासा. २०१७ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीपासून ३२ बिटचा पत्ता कट झालाय.