शहरात मोठी स्पर्धा भरली, धंद्याला काय मिळालं? (अनुभव लिहा)

गच्चीवरची_तुळस

२०३०ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार हे जाहीर झाल्यापासून भाच्याच्या अंगात आलंय. त्याला तिथे खोल्या घेऊन भाड्याने द्यायच्या आहेत. घरच्या ग्रुपवर रोज एक मेसेज, "मावशी, आत्ता नाही तर कधीच नाही." त्यावरून मला २०१०ची दिल्ली आठवली.

ह्यांची बदली तिकडे होती. स्पर्धेसाठी हॉटेलं कमी पडणार म्हणून सरकारने घरातल्या खोल्या 'बेड अँड ब्रेकफास्ट' योजनेत नोंदवा असं आवाहन केलं होतं. आमच्या घरमालकीणबाईंनी वरच्या मजल्यावरच्या दोन्ही मुलींना जागा सोडायला लावली. रंगकाम, नवा गीझर, नव्या गाद्या. माझ्याकडून इंग्रजीचे धडे. "हाऊ वॉज युवर मॅच?" हे वाक्य तर त्यांनी इतकं घोटलं की दूधवाल्यालाही विचारायच्या.

एक पाहुणा आला नाही. खेळाडू क्रीडाग्रामात, अधिकारी मोठ्या हॉटेलांत, आणि परदेशी प्रेक्षक म्हणाल तर डेंग्यू नि अर्धवट बांधकामाच्या बातम्या वाचून घरीच बसले असावेत. उद्घाटन आणि समारोपाला, ३ आणि १४ ऑक्टोबरला, बाजारही बंद ठेवायला लावले होते. गाद्यांवरचं प्लास्टिक शेवटपर्यंत निघालं नाही. गेलेल्या मुलींच्या जागी नवीन भाडेकरू मिळेपर्यंत हिवाळा उजाडला.

तुमच्यापैकी कुणी अशा वेळी धंद्यात किंवा नोकरीत होतं का? चांगलं-वाईट दोन्ही लिहा. भाच्याला लिंक पाठवणार आहे.

कोरडा_पाऊस

गाद्यांचं पुढे काय झालं ते सांगा आधी.

गच्चीवरची_तुळस

मुलीच्या लग्नात वऱ्हाड झोपलं त्यांवर. प्लास्टिक काढून.

पाचवा_मजला

लंडन २०१२, ऑलिम्पिक. मी ब्रिटिश म्युझियमच्या बाजूला भेटवस्तूंच्या दुकानात होतो. ऑगस्ट म्हणजे आमचा सीझन, वर्षाची कमाई तेव्हाच. मालकाने माल डबल भरला होता. पण आधीपासून स्टेशनांवर महापौर बोरिस जॉन्सन यांच्या आवाजात घोषणा सुरू: प्रचंड गर्दी होणार, प्रवास आधी ठरवा. लोकांनी ते फारच मनावर घेतलं. ऑफिसवाले घरून काम करायला लागले, नेहमीचे पर्यटक म्हणाले पुढच्या वर्षी बघू. त्या ऑगस्टमध्ये ब्रिटनला आलेले परदेशी पाहुणे आदल्या ऑगस्टपेक्षा साधारण ५ टक्के कमी होते, आणि आले त्यांना म्युझियममधल्या रोझेटा स्टोनपेक्षा उसेन बोल्ट बघायचा होता. टॅक्सीवाले वेगळेच भडकलेले, कारण ऑलिम्पिकसाठी राखीव लेनमध्ये त्यांना बंदी.

आणि जाहिरात करायची सोय नाही! २००६च्या कायद्याने 'गेम्स', '२०१२', 'गोल्ड', 'समर', 'लंडन' असे शब्द एकमेकांना जोडून धंद्यासाठी वापरले तर गोत्यात. लंडनमधल्या दुकानाने लंडन लिहितानाही विचार करायचा. शेवटी मालकाने काचेवर खडूने लिहिलं, "ते सगळे जिथे धावतायत तिथून थोड्याच स्टेशनांवर." लोक त्या पाटीचा फोटो काढायचे. आत यायचे नाहीत.

ठेच_खाल्लेली

पाचवा मजला, 😂😂

आमच्या भावजींचं मात्र उलट. ते स्ट्रॅटफर्डच्या नव्या मॉलमध्ये होते, २०११ला उघडलेल्या. ऑलिम्पिक पार्ककडे जाणारा बराचसा लोंढा मॉलमधूनच जायचा. भावजी रोज डबल शिफ्ट, पायाला गोळे. रस्त्याच्या पलीकडे जुना बाजार होता. तिथले लोक दारात उभे राहून हा लोंढा पाठमोरा बघायचे. मधे फक्त एक रस्ता होता हो! कुकर झालाय, येते.

उंटावरचा_शहाणा

सगळ्या स्पर्धा एका मापाने मोजू नका. मॉन्ट्रियलचं १९७६च्या ऑलिम्पिकचं कर्ज २००६ला फिटलं, तीस वर्षं. लॉस एंजेलिस १९८४ फायद्यात गेलं, कारण मैदानं बहुतेक आधीचीच होती आणि यजमानपदाला दुसरं कुणी उभंच नव्हतं, त्यामुळे अटी शहराने घातल्या. बार्सिलोनाने १९९२च्या निमित्ताने समुद्राकाठच्या कारखान्यांची जागा मोकळी करून किनारा लोकांना दिला, रिंगरोड केले. पर्यटक खेळ संपल्यावर वर्षानुवर्षं येत राहिले. दुसरं असं की स्थानिक माणूस तिकिटाला जे पैसे घालतो ते त्याने तसेही सिनेमाला, बाहेर जेवायला घातलेच असते. खिसा तोच, गल्ला बदलतो. म्हणून "इतके कोटी आले" असं कुणी म्हणालं की कुठून आले आणि कुणाकडचे कमी झाले हे विचारावं. अथेन्स २००४ बद्दल

उंटावरचा_शहाणा

(अर्धाच गेला. असो.)

कोरडा_पाऊस

सर, धागा अनुभवांचा आहे 🙏 तुम्ही कुठे होता तेव्हा?

उंटावरचा_शहाणा

टीव्हीसमोर. रिमोट बायकोकडे.

रिचार्जवाला

तुळसताई, आम्ही पण दिल्लीत होतो २०१०ला. आणि कमावलं. मामाचं मोबाईल रिचार्जचं छोटं दुकान होतं, मी हाताखाली. शाळांना सुट्टी दिली होती आणि समोरच्या शाळेत बाहेरून आलेले सुरक्षा दलाचे जवान उतरले होते. ड्यूटी संपली की सगळे दुकानावर. कुणी केरळचा, कुणी आसामचा, प्रत्येकाला घरी बोलायचं. रिचार्ज कूपनं संध्याकाळपर्यंत संपायची. मामाने पाहिलं की ह्यांना साबण, दाढीचं ब्लेड, बनियन पण लागतात. दुसऱ्या दिवशी दोरी बांधून बनियन टांगले. शेजारच्या धोब्याला तर मान वर करायला वेळ नव्हता, खाकी कपड्यांचे ढीग. खेळ बघायला आलेला एक माणूस दुकानात आल्याचं मला आठवत नाही. आमचं गिऱ्हाईक म्हणजे बंदोबस्त.

पण कोपऱ्यावरचे हातगाडीवाले सगळे उचलले होते. शहर स्वच्छ दिसलं पाहिजे ना. त्यातले दोघं पुन्हा कधी दिसले नाहीत. मामा आजही त्यांची आठवण काढतो, उधारी बाकी होती म्हणून असेल.

ठेच_खाल्लेली

बनियनचं आवडलं. मामांना दंडवत.

साडेतीनची_लोकल

पॅरिस २०२४, ऑलिम्पिक. शिकता शिकता सीन नदीकाठच्या एका कॅफेत काम करत होते. उद्घाटन नदीवर, म्हणून १८ जुलैपासून २६ पर्यंत दोन्ही काठांना लोखंडी कुंपण. आत यायचं तर आधी अर्ज करून क्यूआर कोड घ्या. आम्हाला मिळाला, गिऱ्हाइकांना कुठला? कुंपणाच्या आत आम्ही, पोलीस आणि कबुतरं. मालक हट्टाने रोज सगळी टेबलं मांडायचा, त्यावर ग्लास उलटे. पोलीस यायचे, अगदी नम्रपणे बाथरूम विचारायचे आणि जायचे. मेट्रोचं सुटं तिकीटही स्पर्धेपुरतं ४ युरो केलेलं, म्हणजे जवळपास दुप्पट. पुढे सरकारने नुकसानभरपाईसाठी समिती नेमली. मालकाने फाईल केली होती, मी तोवर तिथून निघाले.

कुंपण निघाल्यावर मात्र दुसऱ्या आठवड्यात बरी गर्दी झाली, खोटं कशाला बोला.

नाकासमोर

@साडेतीनची लोकल, तुम्ही कुठल्या कोर्सला होता? मुलीला फ्रान्सला पाठवायचा विचार आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

शिट्टी_वाजली

टोकियो ऑलिम्पिकबद्दल कुणी लिहिणार का? एक मित्र तिथे दुभाषा म्हणून लागणार होता. कोरोनामुळे २०२१च्या मार्चमध्ये परदेशी प्रेक्षक बाद, जुलैत टोकियोतले देशी पण बाद. दुभाष्याने कुणाशी बोलायचं? परत आला.

अर्धी_चड्डी

अहमदाबाद, ऑक्टोबर २०२३, क्रिकेट वर्ल्ड कपची भारत-पाक. मी ट्रॅव्हल्समध्ये. मॅच आधी १५ तारखेला होती, नवरात्रामुळे १४ केली. ज्यांनी १५ धरून विमान नि खोल्या घेतल्या त्यांनी आमचे फोन तापवले. हॉटेलांचे भाव असे चढले की लोक दवाखान्यात फुल बॉडी चेकअप लावून रात्रीची खाट मिळवायला बघत होते, पेपरातच आलं होतं. आमच्या बस फुल, पण ड्रायव्हरला झोपायला जागा मिळेना, तो डिकीत झोपला.

चुलतभावाने निळे टी-शर्ट आणले. भारत-पाकला सकाळीच संपले. मग १९ नोव्हेंबरच्या फायनलसाठी चौपट आणले, वर 'चॅम्पियन्स' छापून. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

कोरडा_पाऊस

ट्रॅव्हिस हेड 😭

पाचवा_मजला

चेकअप फायनलच्या रात्री ठेवायचं होतं, एक लाख लोकांना गरज होती.

मोगरा_शेवंती

वर कुंपणाचा विषय निघाला म्हणून. मी कुठे गेले नाही, पण २०१४च्या फुटबॉल वर्ल्ड कपला ब्राझीलच्या साल्वादोरमध्ये अकाराजे (तिथले तळलेले वडे) विकणाऱ्या बायकांना स्टेडियमपासून लांब ठेवायचं चाललं होतं. त्या पांढऱ्या घेरदार पोशाखातच आंदोलनाला उतरल्या आणि काहीजणींना आवारात जागा मिळाली. तुळसताई, भाच्याला म्हणावं खोल्यांचं राहू दे, कुंपण कुठून जाणार त्याचा नकाशा बघ आधी.

रिचार्जवाला

आणि बंदोबस्त कुठे उतरणार तो पण.

गच्चीवरची_तुळस

भाचा वाचतोय. म्हणतो, "मावशी, सगळे निगेटिव्ह लोक गोळा केलेस." रिचार्जवालेदादा, त्याला तुमचाच अनुभव आवडला, नंबर मागतोय. व्यनि करू का?

रिचार्जवाला

करा की. पण धंदा आता मामाच्या मुलाकडे आहे, तो यूट्यूबर झालाय.

ठेच_खाल्लेली

अर्धी चड्डी, ते 'चॅम्पियन्स'वाले टी-शर्ट आहेत का अजून? सोसायटीच्या कॅरम स्पर्धेला तीस हवेत. एक्सएल जास्त.

अर्धी_चड्डी

आहेत. एक्सएलच उरलेत. पाठीवर भारत लिहिलंय, कॅरमला चालेल ना?

ठेच_खाल्लेली

बी विंगला चालेल. ए विंग भांडेल, बघते.