मदत हवी आहे: श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, दोंद्रा हेडजवळ देवमाशांचा पट्टा टाळायला वेपॉइंट (मार्गावरचा बिंदू) कुठे टाकू?

तांडेल_२०: न्हावा शेवा ते सिंगापूर पॅसेज प्लॅन करतोय. कंटेनर जहाज, १८ नॉट. श्रीलंकेच्या दक्षिणेला टीएसएसमधूनच (ये-जा वेगळी ठेवणाऱ्या ठरलेल्या पट्ट्यांतून) जायचं की खालून? की १० नॉटवर आणलं तर भागेल?

निळी_रेघ: खालून. तिथे खोल पाणी किनाऱ्याला लागून आहे आणि निळे देवमासे नेमके टीएसएसच्या पट्ट्यात चरतात. वाहतूक १५ सागरी मैल दक्षिणेला नेली तर धोका सुमारे ९५ टक्के घटतो, असा सर्वेक्षणावरून काढलेला हिशोब आहे. एमएससी या जहाज कंपनीने २०२२ मध्ये हेच सुरू केलं: पूर्वेकडे जाताना ५°२४′ ते ५°२९′ उत्तर, पश्चिमेकडे ५°३०′ ते ५°३५′. तुमच्यासाठी पहिली जोडी. दोन-तीन मैल खाली सरकून थांबू नका. टीएसएस वापरायची नसेल तर कोलरेग (समुद्रात टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) नियम १० प्रमाणे तिच्यापासून जमेल तितकं लांब राहावं लागतं. आणि कन्याकुमारी सोडल्यावरच तिरकी रेघ मारा. टीएसएसच्या तोंडाशी येऊन खाली वळलात तर मैल उगाच वाढतात, मग चार्टररची (जहाज भाड्याने घेणाऱ्याची) मेल ठरलेली.

मधला_वॉच: वेग हा दुसरा उपाय. १५ नॉटला बसलेली धडक जीवघेणी ठरण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास, ८.६ नॉटला २०. म्हणजे १० नॉटलाही धोका उरतोच. ‘तो बाजूला होईल’ यावर तर अजिबात विसंबू नका. पंखा मागे, त्याचा आवाज हुल (जहाजाचं अंग) अडवते, नाळेसमोर (पुढच्या टोकासमोर) सगळ्यात कमी ऐकू येतं. निळा देवमासा आडवा पळतही नाही, सावकाश खाली बसतो.

तांडेल_२०: देवमाशाचा फवारा दिसला तर हेल्म (सुकाणू) कुठे? आणि डॉल्फिन?

मधला_वॉच: लांब असेल आणि ट्रॅफिक परवानगी देत असेल तर त्याच्या शेपटीमागून. १८ नॉटला मैल ३ मिनिटं २० सेकंदांत संपतो, म्हणून लवकर ठरवा. अगदी कुशीला आला असेल तर त्याच्यापासून दूर वळू नका, स्टर्न (मागचं टोक) त्याच्याच अंगावर जाते. डॉल्फिन नाळेच्या लाटेवर खेळायला येतात, त्यांच्यासाठी कोर्स बदलू नका. त्यांना जास्त धोका छोट्या वेगवान बोटींच्या पंख्यांचा.

तांडेल_२०: धडक बसली तर कळेल?

निळी_रेघ: एवढ्या जहाजावर बहुतेक वेळा नाही. तेवढ्याच आरपीएमवर वेग पडला आणि हवा-प्रवाहात कारण सापडेना, तर पुढे माणूस पाठवून बल्ब (नाळेखालचा पुढे आलेला गोल भाग) बघा. अडकलेला असेल तर कॅप्टनला सांगून इंजिन थांबवा, मग अस्टर्न (जहाज मागे). लॉगमध्ये वेळ, पोझिशन, वेग, हेडिंग, अंदाजे लांबी आणि फोटो. हीच माहिती आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाच्या धडकांच्या नोंदवहीत भरता येते.