प्लास्टिकच्या कचऱ्याचं तेल ‘क्रूड ऑइल’ म्हणून विकू द्यावं का?

रबाळेकर: आमच्या एमआयडीसीतला एक छोटा कारखानदार प्लास्टिकच्या कचऱ्यातून तेल काढतो. आता बिलावर ‘क्रूड ऑइल’ छापणार म्हणतो, गिऱ्हाईक लवकर मिळतं म्हणून. माझा ठाम विरोध आहे. विहिरीतून येणाऱ्या क्रूडमध्ये ऑलेफिन, म्हणजे हवेशी लवकर रिॲक्ट होणारी संयुगं, जवळपास नसतात. प्लास्टिकच्या तेलात ती भरपूर, आणि हवा लागली की त्यांचा चिकट गोंद होतो. पावसाळाभर पडून राहिलेल्या पिंपातलं तेल आमच्या बॉयलरला लावलं तर फिल्टरवर डांबरासारखा थर आणि बर्नरचं नोझल बंद! घेणाऱ्यानं काय समजून घ्यायचं?

तळोजावाला: दादा, बाजारात क्रूड म्हणजे कच्चं तेल, एवढंच. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यात कुठलंही द्रव हायड्रोकार्बन पेट्रोलियमच धरलंय. वर पॉलिथिनच्या तेलात गंधक फारच कमी. भंगारवालाही ज्या पिशवीला हात लावत नाही, तिचं इंधन होतंय. नावावरून कशाला अडवता?

रबाळेकर: मग कायदा पुढेही वाचा. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीनं पेटते ते, 23 अंशांखाली गेला की माल ‘ए’ वर्गात, म्हणजे पेट्रोलच्या पंगतीत. हलका भाग वेगळा काढला नाही तर हे तेल तिथे सहज जातं. फर्नेस ऑइलला, म्हणजे भट्टीच्या तेलाला, किमान 66 अंश लागतात. नुसतं ‘क्रूड’ वाचून कुणी ते भट्टीशेजारी ठेवलं तर?

घणसोलीची सीए: कराचंही बघा. पेट्रोलियम क्रूड अजून जीएसटीबाहेर आहे. प्लास्टिक तापवून काढलेल्या तेलाच्या बिलावर ते नाव टाकलंत, तर नोटिशीला उत्तर देता देता धंदा बसेल.

तळोजावाला: ताई, कराचा मुद्दा मान्य. पण रिफायनऱ्या असलं तेल घेतातच ना?

दिवेकर: घेतात, पण तपासून आणि थोड्या प्रमाणात मिसळून. कचऱ्यात पीव्हीसीचा पाइप किंवा वायरचं आवरण शिरलं की हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार होतं, लोखंड खातं. ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या कचरा डम्पिंगचा धूर आम्ही वर्षानुवर्षं गिळलाय, त्यामुळे असे कारखाने मला हवेच आहेत. फक्त बिलावर सरळ ‘प्लास्टिक पायरॉलिसिस ऑइल’ (हवेशिवाय तापवून काढलेलं प्लास्टिकचं तेल) लिहा आणि क्लोरीन, फ्लॅश पॉइंटचा रिपोर्ट जोडा.

तळोजावाला: प्रत्येक खेपेला रिपोर्ट? छोट्या माणसाचं मार्जिन त्यातच जाईल. शिवाय हे नाव लिहिलं की भाव पाडून मागतात.

रबाळेकर: मग भावासाठी भांडू, मी येतो सोबत. पण बर्नरसमोर उभ्या असलेल्या ऑपरेटरला पिंपात काय आहे ते माहीत असलंच पाहिजे.