मदत हवी आहे: नकाशावर ‘कॅलिफोर्नियाची खाडी’ लिहू की ‘आखात’?

दादरकर: शाळेच्या प्रदर्शनासाठी मेक्सिकोच्या वायव्य किनाऱ्याचा ए-वन आकाराचा मराठी नकाशा करतोय. मुद्रितशोधनात ‘कॅलिफोर्नियाची खाडी’वर खूण आली. काही ठिकाणी ‘कोर्तेझचा समुद्र’ दिसतं. कोणतं ठेवू? शिवाय पाणी इतकं चिंचोळं की नाव किनाऱ्यावर चढतंय. फाइल गुरुवारी लालबागला छापायला जाईल.

रेघोटी: खाडी काढाच. हिंदी नकाशावरून उतरलेली दिसते. हिंदीत बंगालचा उपसागरसुद्धा ‘खाड़ी’च. आपली खाडी म्हणजे ठाण्याची, वसईची. हे पाणी सुमारे १,१०० किमी लांब, म्हणून ‘कॅलिफोर्नियाचे आखात’. त्याखाली लहान अक्षरांत ‘कोर्तेसचा समुद्र’ चालेल. १५३९ मध्ये दर्यावर्दी फ्रान्सिस्को दे उयोआ वरच्या टोकापर्यंत गेला, ते मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्याच हुकमावरून. मेक्सिकोत उच्चार ‘स’, झ नाही. आणि आखाताच्या पश्चिमेचं द्वीपकल्प ‘बाजा’ नव्हे, ‘बाहा’ कॅलिफोर्निया. आखात पूर्णपणे मेक्सिकोत आहे. अमेरिकेचा रंग सीमेच्या वरच थांबवा, ‘कॅलिफोर्निया’ नावामुळे मुलं हमखास फसतात.

दादरकर: आभार! मावण्याचं काय?

रेघोटी: प्रमाण १ : २०,००,००० धरा. लांबी ५५ सेंमी, सरासरी रुंदी जेमतेम साडेसात. वरच्या भागात तिबुरोन आणि आंखेल दे ला ग्वार्दा ही बेटं जागा खातात, तेव्हा नाव तिबुरोनच्या खालून सुरू करून आग्नेयेकडे उतरत्या वक्र रेघेवर बसवा. इंग्रजी नकाशांसारखी अक्षरं मात्र फाकवू नका, शिरोरेषा तुटते. दोन शब्दांमधली जागा वाढवा, अक्षरांमधली शून्य. इलस्ट्रेटर सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर (देवनागरी नीट जुळवणारी सोय) लावला नसेल तर ‘लि’ची वेलांटी ‘ल’च्या मागे जाते आणि ‘र्नि’चा रफार सुटतो. आधी तेवढे दोन नीट बघा, मग आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवून, पाठवा. छपाईवाल्याकडे तो फॉन्ट नसला की चौकोन छापून येतात.

भरतीओहोटी: निळ्या छटा देणार असाल तर मध्यभागी गडद करण्याची सवय इथे मोडा. उत्तर टोक बहुतांशी २०० मीटरपेक्षा उथळ, दक्षिणेचं तोंड ३,००० मीटरच्या पुढे. म्हणजे रंग खाली गडद होत जायला हवा. कोलोरॅडो नदीच्या मुखाशी भरतीचा फरक मुंबईपेक्षाही मोठा असतो, तिथे किनाऱ्याची ठाम रेघ न ओढता चिखलपट्टीचे ठिपके द्या.

दादरकर: दक्षिणेला आखात संपतं कुठे?

भरतीओहोटी: आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या १९५३ च्या व्याख्येत बाहाच्या दक्षिण टोकापासून समोरच्या पियास्त्ला टोकापर्यंतची रेघ. काही नकाशे ती बरीच खाली, काबो कोरिएंतेस या भूशिराला नेतात. तुम्ही पहिलीच घ्या आणि सूचीत तसं लिहा.

दादरकर: वेलांटी खरंच मागे गेली होती. सुधारली.