रेबेका अर्धवट सोडू नका

डॅफ्ने द्यु मॉरिएची 'रेबेका' ही कादंबरी संथ वाटली म्हणून अर्ध्यात सोडली म्हणताय, पण थोडा धीर धराच. १९३८ची आहे, भूतबित काही नाही, तरी मी मागच्या आठवड्यात दोन रात्री जागून संपवली. त्यातली ती विधुराची नवी बायको चिनी मातीची मूर्ती फोडते आणि तुकडे पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये लपवते, अगं बाई घराची मालकीण ना तू, नोकरांना काय घाबरतेस! आणि हिचं नाव शेवटपर्यंत कळत नाही, मेलेल्या पहिल्या बायकोचं, रेबेकाचं, मात्र पानोपानी. घराचा कारभार बघणारी डॅनव्हर्स बाई नुसती दारात उभी राहिली तरी मला धडकी भरायची.

फँटसीत सुझॅना क्लार्कची 'पिरानेसी' कादंबरी वाचली, पुतळ्यांनी भरलेले अंतहीन दिवाणखाने आणि त्यात भरती येते, भारीये, फक्त शेवटी उलगडा जरा जास्तच झालाय.