जुन्नरच्या लेण्यांतले ‘यवन’ रोमन होते का?

मृण्मयी

गेल्या महिन्यात लेकीला घेऊन जुन्नरला गेले होते. ती सातवीत आहे. शिवनेरीच्या कड्यातली लेणी बघताना शेजारच्या एका गटाचे वाटाडे सांगत होते, की हे भोजनमंडपाचं लेणं एका रोमन माणसानं दान दिलंय. लेखात ‘यवनस’ असा शब्द आहे आणि दात्याचं नाव चिट. लेकीनं तिथल्या तिथे विचारलं, “रोमहून माणूस इथं जेवायला आला होता का?” मला उत्तर देता आलं नाही.

घरी आल्यापासून जमेल तसं वाचतेय, पण धागा लागत नाही. हे यवन म्हणजे खरंच रोमन का? कशासाठी आले? आणि एवढा व्यापार होता, तर रोमन सोन्याची नाणी तमिळनाडूत ढिगानं सापडतात तशी आपल्याकडे का सापडत नाहीत?

तेरकर

मृण्मयीताई, आधी लेकीचं. भोजनमंडप भिक्षूंसाठी होता, चिटानं तो संघाला दिला. जुन्नरला असे तीन यवन आहेत. इरिलानं पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिल्या, चिटानं हा मंडप, आणि मानमोडी डोंगरातल्या चैत्याचं काम चंदाच्या नावावर आहे. कार्ल्याला जा, तिथल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची नावं आहेत: सिहधय, धम. नावं नीट ऐका. ही नावं आपल्याच मातीतली आहेत. दान करणारा, प्राकृतात लेख कोरून घेणारा, पाण्याची सोय करून देणारा माणूस इथं राहिलेला असतो. जहाज लागलं, माल उतरवला आणि निघाला, असा तो नव्हे. ‘यवन’ हा शब्द मुळात आयोनियन ग्रीकांचा, पुढे पश्चिमेच्या समुद्रापलीकडून आलेल्या कुणालाही लागला. त्यामुळे ‘रोमन’ असं ठामपणे म्हणू नये, एवढं लेकीला सांगा.

शिवाय आपण रोमन व्यापार म्हणतो तो मुख्यतः इजिप्तमधून चालायचा. इ.स.पू. 30 मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात गेलं. त्यानंतर तांबड्या समुद्रावरच्या मायोस होर्मोस बंदरातून वर्षाला 120 जहाजं हिंदुस्थानाकडे निघतात, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोनं लिहिलंय. जहाजांवरचे लोक बहुतेक ग्रीक बोलणारे. जुलैत निघायचं, नैर्ऋत्य वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडायचा आणि हिवाळ्यात उलट्या वाऱ्यावर परतायचं. आपले कोळी ज्या वाऱ्याच्या भरवशावर होड्या काढतात आणि ओढतात, त्याच वाऱ्यावर.

आता माझ्या गावाचं सांगतो, कारण मला या विषयाची ओढ लागली ती गावामुळे. मी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचा. तेर म्हटलं की लोकांना गोरोबाकाका आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण गोरोबाकाकांच्या आधी बाराशे वर्षं हे गाव ‘तगर’ नावानं एका ग्रीक व्यापाऱ्याच्या वहीत नोंदलं गेलं होतं. ‘पेरिप्लस’ म्हणतात त्या पहिल्या शतकातल्या लिखाणात तो सांगतो, की बॅरिगाझापासून, म्हणजे भडोचपासून, दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून गोमेदाचे दगड जातात. तगरहून साधं कापड पुष्कळ आणि तलम कापडही. आणि हा सगळा माल गाड्यांतून, जिथे रस्ताच नाही अशा मुलखातून भडोचला उतरतो.

या गाड्यांवर मी अडकलो. माझे आजोबा तेरहून बार्शीच्या बाजाराला कापूस न्यायचे, येडशीजवळ मुक्काम करून. ते सांगायचे, भरलेली गाडी असली की दिवसाला सहा कोस, त्यापुढे बैल ओढत नाही. मी नकाशावर मोजलं. तेर ते पैठण सरळ रेषेत साधारण दीडशे किलोमीटर. पैठण ते भडोच साडेतीनशेच्या आसपास. वाटेची वळणं धरली तर दहा आणि वीस दिवसांचा हिशोब आजोबांच्या सहा कोसांशी जुळतो. त्या रात्री मला झोप आली नाही. त्या ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेला आकडा माझ्या आजोबांच्या बैलांच्या चालीचा होता.

आणखी एक गोष्ट लेकीला नक्की सांगा. हा माणूस लिहितो की भडोचच्या खालच्या मुलखाला ‘दखिनाबदेस’ म्हणतात, कारण तिथल्या लोकांच्या भाषेत दक्षिणेला ‘दखनोस’ म्हणतात. दखिन! आपला दक्षिणापथ. कुणीतरी त्याच्याशी बोललं, त्यानं विचारलं, आणि ऐकलं तसं लिहून घेतलं.

जुनी_नाणी

नाण्यांच्या प्रश्नाला थोडं उत्तर देतो. रोमन नाणी भडोचला येत होती, हे पेरिप्लसमध्येच आहे. सोन्याचांदीची दिनारं आणली तर स्थानिक नाण्यांच्या बदल्यात फायदा होतो, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मग ती गेली कुठे? बरेच अभ्यासक म्हणतात, आटवली गेली. भडोचकडच्या भागावर तेव्हा क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपानाचा अंमल होता (पेरिप्लसमधला ‘मंबानोस’ बहुधा तोच) आणि त्यानं चांदीची नाणी अमाप पाडली. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला एक ठेवा सापडला, तेरा हजारांवर नाणी, सगळी नहपानाची चांदी. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. एका बाजूला राजाचा चेहरा, रोमन नाण्यावर असतो तसा, आणि भोवती ग्रीक अक्षरांत लिहिलेलं प्राकृत. मी मुंबईत एकदा यातलं एक नाणं काचेतून पाहिलं. त्या चेहऱ्यावर सातवाहनांचा ठसा बसलेला बघताना अंगावर काटा आला होता.

नाशिकच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सत्तर हजार कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे दोन हजार सुवर्ण (सोन्याची नाणी), एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण. म्हणजे बँकेत बघावा तसा विनिमयाचा दर डोंगरात कोरून ठेवलाय.

तमिळनाडूत नाणी राहिली, कारण तिकडे ती फारशी आटवली गेली नाहीत, धातूच्या मोलानं साठवली गेली.

काळी_माती

तेरकर, तुमचं वाचून आनंद झाला. मात्र एक सावधगिरी. तेर, नेवासे, जुन्नर इथे ‘रोमन मद्याच्या सुरया’ सापडल्या असं आपण लहानपणापासून वाचत आलोय. त्या खापऱ्यांची अलीकडे नव्यानं तपासणी झाली, तेव्हा पश्चिम भारतातल्या अशा बऱ्याच खापऱ्या रोमन नसून मेसोपोटेमियाकडच्या निघाल्या. लांबोडक्या, बुडाशी निमुळत्या, आतून डांबर लावलेल्या. खापरी हातात घेतली की आतली काळी चकाकी दिसते, तीच खूण. मी एका उत्खननात विद्यार्थी म्हणून खापऱ्या धुतल्या आहेत, तेव्हा आम्ही सगळ्यावर ‘रोमन’ची चिठ्ठी लावत होतो. म्हणजे इराणच्या आखाताकडूनही तितकाच राबता होता. सगळं श्रेय रोमला देऊ नका.

तेरकर

काळी_माती, मान्य. चिठ्ठ्या बदलल्याच पाहिजेत.

पण ताई, एक प्रश्न कुणी विचारला नाही. आपण सतत विचारतो, तिकडून कोण आलं. इकडून कोण गेलं? मायोस होर्मोसच्या दक्षिणेला बेरेनिके हे बंदर आहे. तिथल्या उत्खननात सागवान सापडलं, तेही आपल्याकडच्या मोडीत निघालेल्या जहाजांचं, घरांना पुन्हा वापरलेलं. सेरापिस या देवाच्या देवळात हिंदुस्थानी रांजणात साडेसात किलो मिरी भरून ठेवलेली होती. 2022 मध्ये तिथे बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाली आणि इ.स. 248 च्या सुमाराचा एक संस्कृत लेखही. आणि सातवाहनांची दोन नाणी! कुणाच्या कनवटीला ती गेली असतील? कल्याणच्या? सोपाऱ्याच्या? ते नाव मिळत नाही याची मला हुरहूर लागून राहते. चिटाचं नाव दगडात राहिलं, आपल्या माणसाचं नाही.

कल्याणचंही एक सांगतो. आधी ते खुलं बंदर होतं. पुढे ‘सांदनेस’ नावाच्या सत्ताधीशानं ते घेतल्यावर तिथे चुकून लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला न्यायचे, असं पेरिप्लस सांगतो. नहपान आणि सातवाहनांच्या भांडणाची झळ नाणेघाटाखालच्या बाजारालाही बसली असणार.

मृण्मयी

तेरकर, तुमच्या आजोबांचं लेकीला वाचून दाखवलं. तिनं तेव्हाच पट्टी घेऊन नकाशा काढला. भडोच ते पैठण तिचं अंतर तुमच्याहून पाच किलोमीटर जास्त आलंय, ती हट्टाला पेटली आहे. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत तेरला येऊ म्हणतोय. तिथे काय बघायचं?

तेरकर

लेकीचं बरोबर असेल, मी दोऱ्यानं मोजलं होतं.

या. आधी त्रिविक्रमाचं देऊळ, जुन्या विटांचं. मागची बाजू अर्धगोल आहे, तिथे बाहेरून हात फिरवून बघा. मग लामतुरे संग्रहालय. हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती शोधा. पाँपेईला 1938 मध्ये अशीच एक सापडली, व्हेसुव्हियसच्या राखेखाली, म्हणजे इ.स. 79 च्या आधी ती तिकडे पोचलेली. जालन्याजवळच्या भोकरदनलाही तिची बहीण शोभेल अशी मूर्ती निघाली. त्यानंतर मातीचे गोल ठसे बघा. रोमन नाण्याच्या छापाची मातीची नक्कल, गळ्यात घालायला वर भोक. सोनं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी कुणीतरी कुंभारानं केलेली. लेकीला तेच सगळ्यात आवडेल.

दुपारी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर नेईन. पावसानंतर माती धुपून शंखाचे, अकिकाचे मणी वर येतात. बघायचे, पण उचलायचे नाहीत. सापडलाच एखादा, तर जागा लक्षात ठेवून संग्रहालयात सांगायचं. निघायच्या आदल्या दिवशी इथे लिहा, भाकरी घरीच होईल.